वाचकांचे प्रश्न : सॉफ्टवेअर अभियंत्याची मुलाखत आणि नोकरीची सुरुवात

या वेळी आलेली बहुतेक पत्रे सॉफ्टवेअर कंपन्यांतील मुलाखतींविषयी आणि नोकरीच्या सुरुवातीच्या काळातील अडचणींविषयी आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत. पत्रांतील अस्वस्थता पाहता ती आटोपती घेणे मला योग्य वाटले नाही.

प्रश्न : घरी बसून मी अल्गोरिदमचे अवघड प्रश्न सोडवू शकते. मुलाखतीत मात्र समोर कोणी बसले, की साधी गोष्टही सुचत नाही आणि हात थांबतो. हे एकापेक्षा अधिक वेळा झाले आहे. मला प्रोग्रॅमिंग जमत नाही, असे समजायचे का?

उत्तर : असे मुळीच समजू नका. प्रश्न सोडविणे हे एक कौशल्य आहे. आणि कोणी पाहत असताना, वेळ मोजली जात असताना, मनातला विचार मोठ्याने मांडत तोच प्रश्न सोडविणे हे दुसरे. रियाजात लागणारा सूर मैफिलीत लागावा यासाठी मैफिलीची वेगळी सवय करावी लागते, तसेच हे आहे.

नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट येथील संशोधकांनी २०२० मध्ये याच विषयावरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ४८ विद्यार्थ्यांपैकी काहींनी परीक्षकासमोर व्हाइटबोर्डवर, बोलत बोलत प्रश्न सोडविला, तर इतरांनी तसाच प्रश्न एका खोलीत एकट्याने सोडविला. परीक्षकासमोर उभ्या राहिलेल्यांची कामगिरी दुसऱ्या गटाच्या जवळपास निम्मी ठरली. परीक्षकासमोर बसलेल्या मुलींपैकी एकही उत्तीर्ण झाली नाही आणि एकट्याने प्रश्न सोडविणाऱ्या सर्व मुली उत्तीर्ण झाल्या, असेही त्यात दिसले. सहभागी मुलींची संख्या फार लहान असल्यामुळे या शेवटच्या निरीक्षणावरून मोठा निष्कर्ष काढता येणार नाही. तरीही आपल्याला जे होते ते इतरांनाही होते, एवढे त्यावरून निश्चित कळते.

उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे : बोलत बोलत सोडविण्याचा सराव. मैत्रिणीला समोर बसवा. कोणी नसेल तर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा आणि नंतर ऐका. आपण कोठे गप्प होतो, कोठे न विचारता गृहीत धरतो, कोठे एकाच वाक्यात तीन कल्पना कोंबतो, हे पहिल्या दोन-तीन रेकॉर्डिंगमध्येच लक्षात येईल.

प्रश्न ऐकताच कोड लिहायला घेण्याची घाई करू नका. समजा, एका अ‍ॅरेमध्ये (ओळीने मांडलेल्या यादीत) संख्या दिल्या आहेत आणि त्यांतील कोणत्या दोन संख्यांची बेरीज ठरावीक संख्येइतकी होते ते शोधायचे आहे. आधी विचारून घ्या : संख्या चढत्या क्रमाने लावलेल्या आहेत का? ऋण संख्या असू शकतात का? अशी जोडी नसेलच तर काय परत द्यायचे? मग सर्वांत सरळ मार्ग सांगा, म्हणजे प्रत्येक जोडी तपासणे. एक लाख संख्या असतील तर अशा जवळपास ५०० कोटी जोड्या होतात, म्हणून हा मार्ग मोठ्या इनपुटला परवडणार नाही, हेही आपणच सांगा. त्यानंतर, प्रत्येक संख्येसाठी तिची पूरक संख्या हॅश टेबलमध्ये (पाहिलेल्या संख्या झटकन शोधता येतील अशा तक्त्यात) आधी येऊन गेली आहे का हे पाहत गेलो तर एका फेरीत काम होते, पण त्यासाठी जास्तीची मेमरी लागते; आणि संख्या क्रमाने लावलेल्या असतील तर दोन्ही टोकांकडून आत येत गेल्यास ती मेमरीही लागत नाही, असे सांगता येईल. परीक्षकाला ऐकायचे असते ते हेच, की कोणत्या परिस्थितीत आपण काय देऊन काय मिळवतो.

कोड लिहून झाल्यावर ‘झाले’ म्हणण्याआधी तो स्वतःच तपासा : रिकामा अ‍ॅरे, एकच संख्या, एकच संख्या दोनदा, फार मोठी संख्या. ही तपासणी नवशिक्यांपुरती नाही. बायनरी सर्च, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत दरवेळी निम्मा भाग वगळत शोधणे, हा सुरुवातीलाच शिकविला जाणारा अल्गोरिदम. पण जावाच्या प्रमाणित लायब्ररीतील त्याच्या कोडमध्ये एक चूक सुमारे नऊ वर्षे दडून राहिली होती. तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ मध्ये ती जाहीरपणे मांडली. मधले स्थान काढण्यासाठी खालची आणि वरची सीमा यांची बेरीज करून तिला दोनने भागले जात असे, आणि अ‍ॅरे प्रचंड मोठा असला की ती बेरीज २,१४,७४,८३,६४७ या, ३२ बिटांच्या पूर्णांकाच्या कमाल मर्यादेपलीकडे जाऊन ऋण होत असे. दोन सीमांमधील फरकाचा निम्मा भाग खालच्या सीमेत मिळविला, की ही अडचण राहत नाही. सीमेवरच्या स्थितीचा विचार करण्यासाठी थांबणारी व्यक्ती मला कधीच संथ वाटत नाही.

अडलात, तर कशावर अडलात ते बोला आणि तीन-चार घटकांचे छोटे उदाहरण हाताने सोडवून दाखवा. परीक्षकाने दिशा सुचविली तर ती मोकळेपणाने घ्या. सूचना ऐकून पुढे जाता येणे हा नोकरीतल्या रोजच्या कामाचाच भाग आहे. बरेच परीक्षक त्याचीही नोंद करतात.

प्रश्न : मुलाखत चांगली झाली असे वाटते आणि काही दिवसांनी नकाराचे दोन ओळींचे पत्र येते. कारण विचारले तर उत्तर येत नाही. यातून शिकायचे कसे?

उत्तर : कायदेशीर वादाच्या भीतीने अनेक कंपन्या कारण सांगत नाहीत, त्यामुळे एकदा नम्रपणे विचारून विषय सोडून द्यावा. मुलाखत संपल्यावर त्याच दिवशी प्रश्न, आपले उत्तर आणि परीक्षकाने कोठे पुन्हा विचारले हे लिहून ठेवा. परीक्षक ज्या मुद्द्यावर दोनदा परत आला, तेथे आपले उत्तर त्याला पुरेसे वाटलेले नसते. कधीकधी मात्र कारण आपल्यात नसतेच. जागा रद्द झालेली असते किंवा आधीच कोणी निवडले गेलेले असते. बऱ्याच कंपन्या सहा महिने ते वर्षभराने पुन्हा अर्ज करू देतात, तेव्हा तो मार्ग बंद झाला असे मानू नका.

प्रश्न : मी अनेक वर्षे मोठ्या प्रणालींवर काम केले आहे. ट्री (फांद्यांसारखी रचलेली माहिती) उलटा करण्याचा प्रसंग कामात एकदाही आला नाही, तरी मुलाखतीत तेच विचारतात. पदवीनंतर लगेच आलेली मुले यात माझ्यापेक्षा सरस ठरतात. हा अन्याय नाही का?

उत्तर : आपल्या तक्रारीत तथ्य आहे आणि ती जुनी आहे. मॅकवर सॉफ्टवेअर बसविण्यासाठी असंख्य अभियंते वापरतात त्या ‘होमब्रू’चे निर्माते मॅक्स हॉवेल यांनी २०१५ मध्ये अशीच तक्रार जाहीरपणे केली होती. गुगलमधील अनेक जण त्यांचे सॉफ्टवेअर वापरत असूनही, व्हाइटबोर्डवर ट्री उलटा करता आला नाही म्हणून आपल्याला नाकारले गेले, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर पुष्कळ वाद झाला आणि तो अजूनही मिटलेला नाही.

कंपन्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. चुकीची व्यक्ती घेतली गेली तर तिचा भार पूर्ण संघावर महिनोन्महिने पडतो. योग्य व्यक्ती नाकारली गेली तर कंपनीला ते कधी कळतही नाही. त्यामुळे अर्जांचा ओघ मोठा असलेल्या कंपन्या पहिली चूक टाळण्यासाठी दुसरी चूक पत्करतात. नाकारल्या गेलेल्या माणसाच्या दृष्टीने हे कठोर आहे, आणि ते कठोर आहे हे स्वच्छपणे म्हटले पाहिजे. पद्धती बदलतात हेही खरे. डोके चालविण्याची कोडी विचारणे हा वेळेचा निव्वळ अपव्यय होता, असे गुगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लाझ्लो बॉक यांनी २०१३ मध्ये सांगितले होते. निवडपद्धतींवरील अनेक वर्षांच्या संशोधनाचा २०२२ मध्ये पुन्हा आढावा घेतला गेला, तेव्हा संरचित मुलाखत, म्हणजे सर्वांना तेच प्रश्न आणि आधी ठरवलेले निकष, ही पुढील कामगिरीचा अंदाज देण्यात सर्वांत वरच्या क्रमांकावर आली. मुलाखत घेण्याची संधी आपल्याला मिळेल तेव्हा निकष आधी लिहून काढण्याचा आग्रह आपण जरूर धरावा.

आता आपल्या तयारीविषयी. अल्गोरिदमची उजळणी टाळता येणार नाही, परंतु शेकडो प्रश्न पाठ करण्याची गरज नाही. हॅश टेबल, दोन टोकांकडून चालणे, स्टॅक, ग्राफमधील दोन प्रकारची भ्रमंती, रिकर्शन आणि डायनॅमिक प्रोग्रॅमिंगची सोपी उदाहरणे एवढे हाताला पुन्हा सवयीचे झाले तरी बहुतेक फेऱ्या निभावतात. आपले खरे बळ सिस्टीम डिझाइनच्या, म्हणजे पूर्ण प्रणालीची आखणी करण्याच्या, फेरीत आहे आणि अनुभवी उमेदवारांच्या निवडीत या फेरीला पुष्कळ वजन असते.

उदाहरणार्थ, लांबलचक वेब पत्ते लहान करून देणारी सेवा कशी उभारावी, असा प्रश्न आला असे धरू. तेथे कोणता डेटाबेस घ्यावा यापासून सुरुवात करणारे उमेदवार बहुधा अडखळतात. आधी हिशेब मांडा. महिन्याला १० कोटी नवे पत्ते येणार असतील तर सेकंदाला सरासरी ३९ नोंदी होतील. प्रत्येक नोंदीमागे १०० वेळा पत्ता उघडला जाईल असे गृहीत धरले, तर सेकंदाला सुमारे ३,९०० वाचने. म्हणजे लिहिण्याचा भार किरकोळ आहे आणि सगळा प्रश्न वाचण्याचा आहे. म्हणून कॅश, म्हणजे वारंवार लागणारे पत्ते हाताशी ठेवणारा जलद साठा, हवा. इंग्रजीची लहान-मोठी अक्षरे आणि अंक मिळून ६२ चिन्हे होतात. सहा चिन्हांचे संकेत घेतले तर सुमारे ५,६८० कोटी पत्ते मावतात आणि वर्षाला १२० कोटी या वेगाने ते ४७ वर्षे पुरतात. सात चिन्हे घेण्याची निकड नाही. मग विचारा, की दोन सर्व्हरनी एकाच क्षणी तोच संकेत दिला तर काय होईल, एक डेटाबेस बंद पडला तर जुने पत्ते उघडतील का, आणि कोणी या सेवेचा वापर फसवे पत्ते लपविण्यासाठी केला तर? हे प्रश्न पुस्तक वाचून क्वचित सुचतात. ज्याने बंद पडलेली प्रणाली रात्री उठून पुन्हा उभी केली आहे त्याला ते आपोआप सुचतात.

एक सूचना आणखी. आपल्या कामाविषयी सांगताना ‘आम्ही केले’ असे म्हणत राहण्याची नम्रता मुलाखतीत नुकसान करते. संघाचे श्रेय संघाला द्या, परंतु निर्णय कोणता आपण घेतलात, कोणता पर्याय नाकारलात, आणि परिणाम कशावरून मोजलात, हे ‘मी’ या शब्दाने सांगा.

प्रश्न : रोजच्या कामात एआय साधने सर्रास वापरली जातात. मग मुलाखतीत वापरली तर काय बिघडले? आणि एवढे सगळे स्वतः शिकायचे तरी कशाला?

उत्तर : कंपनीने परवानगी दिली असेल तर उघडपणे वापरा. काही कंपन्या आता अशा फेऱ्या मुद्दाम घेतात आणि साधनाने दिलेला कोड आपण कसा तपासता ते पाहतात. परवानगी नसताना लपून वापरणे ही फसवणूक आहे. याबाबत माझे मत मवाळ नाही, कारण तिचा पहिला फटका त्याच जागेसाठी प्रामाणिकपणे बसलेल्या दुसऱ्या उमेदवाराला बसतो.

दुसऱ्या प्रश्नासाठी एक अभ्यास सांगतो. मेटर या संशोधन संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी ओपन सोर्स (कोड सर्वांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरच्या) विकासकांना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांतील २४६ कामे दिली. काही कामांत एआय वापरण्याची मुभा होती, काहींत नव्हती. मुभा असलेल्या कामांना १९ टक्के अधिक वेळ लागला. विकासकांना मात्र काम संपल्यावरही आपण सुमारे २० टक्के अधिक वेगाने काम केले असेच वाटत होते. हा निष्कर्ष त्या काळच्या साधनांपुरता आणि त्या प्रकारच्या कामांपुरता आहे, तो सगळीकडे लावता येणार नाही. पण वेग वाढल्याची जाणीव आणि वाढलेला वेग यांत किती अंतर पडू शकते, हे त्यातून कळते. जो कोड आपण स्वतः वाचून, त्याची चूक काढून दुरुस्त करू शकत नाही, तो आपल्या नावाने पुढे पाठविणे धोक्याचे आहे. ते वाचता येण्यासाठीच शिकायचे.

प्रश्न : नोकरी लागून काही महिनेच झाले आहेत. मी केलेल्या बदलामुळे आमची सेवा बराच वेळ बंद पडली. कोणी ओरडले नाही, पण तेव्हापासून झोप लागत नाही. छोटा बदल करतानाही हात थरथरतो. माझे इथले भवितव्य संपले का?

उत्तर : नाही. आपले पत्र मी काळजीने वाचले आणि सर्वांत आधी हे सांगतो, की मोठ्या प्रणालींवर काही वर्षे काम केलेल्या अभियंत्यांत असा प्रसंग न आलेला माणूस विरळा. नव्या माणसाचा एक बदल पूर्ण सेवा बंद पाडू शकला, तर तो बदल कोड रिव्ह्यूमधून (सहकाऱ्याने केलेल्या तपासणीतून), टेस्टमधून आणि डिप्लॉयमेंटच्या (कोड प्रत्यक्ष सेवेवर चढविण्याच्या) पायऱ्यांतून पुढे कसा गेला, हा प्रश्न संघाने स्वतःला विचारायचा असतो.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या, कोड साठविण्याची सेवा देणाऱ्या कंपनीत एका अभियंत्याने रात्री उशिरा, थकलेल्या अवस्थेत, दुय्यम डेटाबेसऐवजी मुख्य डेटाबेसचे डेटा असलेले फोल्डर पुसले. त्यानंतर उघड झाले, की बॅकअपच्या पाच पद्धती असूनही त्यांतली एकही भरवशाने चालत नव्हती. सुमारे सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत होती, म्हणून त्याआधीचा डेटा वाचला. कंपनीने सर्व हकीकत जाहीरपणे लिहिली, दुरुस्तीचे काम लोकांना थेट पाहू दिले आणि दोष त्या अभियंत्यावर न टाकता कार्यपद्धतीतील त्रुटी दुरुस्त केल्या. चूक हाताची होती, पण बॅकअप चालतात का हे कोणी पाहत नव्हते, ही त्याहून मोठी बाब होती.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीने नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता, तो सातांवरच चढला. आठव्या सर्व्हरवर अनेक वर्षे न वापरलेला जुना कोड शिल्लक होता आणि नव्या कामासाठी वापरलेल्या खुणेने तोच जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. बाजार उघडण्यापूर्वी त्या बिघाडाकडे निर्देश करणारे ९७ स्वयंचलित ईमेल कर्मचाऱ्यांना गेले होते. त्यांवर कोणी कृती केली नाही, कारण ते इशारे म्हणून पाहायचे असतात अशी व्यवस्थाच नव्हती. एकाच्या हातून सर्व्हर राहून जाणे शक्य आहे. दुसऱ्या कोणी ते पडताळून पाहण्याची पद्धत नसणे हे मला अधिक भयंकर वाटते.

आपल्यासाठी व्यवहाराच्या गोष्टी अशा. पुढच्या वेळी काही बिघडल्याची शंका आली तरी लगेच सांगा. खात्री होईपर्यंत थांबण्यातच वेळ जातो. आधी बदल मागे घ्या, सेवा सुरू होऊ द्या, कारण नंतर शोधा. झालेल्या प्रसंगाची मिनिटवार नोंद स्वतः लिहायला घ्या : काय बदलले, पहिला इशारा केव्हा आला, तो कोणाला गेला, मागे घ्यायला किती वेळ लागला आणि तो कशामुळे लागला. त्यात कोणाचे नाव दोषी म्हणून येऊ नये, आपलेही नाही. अशी नोंद लिहिणारा नवा माणूस वरिष्ठांच्या लक्षात राहतो, आणि चांगल्या अर्थाने राहतो.

हात थरथरतो त्यावर माझ्याकडे एकच उत्तर आहे. बदल लहान करा, आणि तो आधी थोड्याच वापरकर्त्यांना जाईल अशी सोय करून घ्या. आपल्या संघात ती सोय नसेल, तर तिची मागणी करण्याचा नैतिक अधिकार आज संघात सर्वांत अधिक आपल्याला आहे. झोपेची तक्रार मात्र काही आठवड्यांत ओसरली नाही तर डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी जरूर बोला. ती अंगावर काढण्यासारखी गोष्ट नाही.

प्रश्न : मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का’ असे म्हणतात. तेव्हा काय विचारावे?

उत्तर : ज्यांची उत्तरे कंपनीच्या संकेतस्थळावर मिळत नाहीत असे प्रश्न विचारा. लिहिलेला कोड वापरकर्त्यांपर्यंत पोहोचायला सर्वसाधारणपणे किती वेळ लागतो? कोड रिव्ह्यू कोण करते, आणि तो किती दिवस पडून राहतो? संघातून गेल्या वर्षात किती जण गेले?

ऑन-कॉलविषयी, म्हणजे सेवा बिघडली तर वेळी-अवेळी धावून जाण्याच्या पाळीविषयी, संकोच न बाळगता विचारा. सेवा ९९.९ टक्के वेळ सुरू राहील, असे कंपनी ग्राहकांना सांगत असेल तर तीस दिवसांच्या महिन्यात ती ४३ मिनिटे बंद राहिलेली चालते, ९९.९९ टक्के सांगत असेल तर जेमतेम चार मिनिटे. चार मिनिटांत माणूस झोपेतून उठून लॅपटॉप उघडेपर्यंतच मुदत संपते. तेव्हा असे वचन देणाऱ्या कंपनीत आपोआप सावरणारी यंत्रणा आहे का, पाळी किती जणांत वाटली जाते, आणि रात्री जागावे लागले तर दुसऱ्या दिवशी उशिरा येण्याची मुभा असते का, हे आपल्या आयुष्याशी थेट निगडित प्रश्न आहेत.

शेवटची मोठी अडचण कोणती आली होती आणि तिच्यानंतर काय बदलले, हा प्रश्न मला सर्वांत उपयोगी वाटतो. उत्तर देणारा मोकळेपणाने बोलतो का, ‘अमक्याने चूक केली’ असे म्हणतो की ‘आमच्याकडे ही तपासणी नव्हती, ती आता आहे’ असे म्हणतो, ते नीट ऐका. पगाराचा आकडा पत्रावर लिहून मिळतो; ही माहिती फक्त त्या पाच मिनिटांत मिळते.